मी 'सहज' पुसला

मी चहाच्या दालनातला डस्टर बोलतो आहे. आमची संस्था स्थापन झाली तेव्हा मी नव्हतो. तिच्या घटनेवर कोणी सह्या केल्या, हे मी पाहिलेले नाही. फळ्यावर लिहिणे चालू असताना मी फळीवर पालथा पडलेला असतो, आणि माझे काम सुरू झाले की तोंड फळ्याला चिकटलेले. म्हणून पुढची हकिकत जेवढी ऐकली आणि जेवढी पुसली, तेवढीच सांगतो.

खिडकीच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाच्या तुकड्यातून एका सुताराने मला घडवले, खाली लोकरीची जाड पट्टी डकवली, आणि मी थेट येथे आलो. येथे सैद्धांतिक विज्ञानाचे संशोधन चालते. प्रयोगशाळा नाही, यंत्रे नाहीत. सर्वांत अवजड उपकरण म्हणजे चहाची किटली. येथे कोणी काम करते की नाही, असा प्रश्न पाहुण्यांना हमखास पडतो. माझ्या अंगावरचा खडू त्यांनी पाहिला असता, तर तो प्रश्न पडला नसता.

संस्था चालवतात संचालकबाई. त्यांनी फारसे नियम केले नाहीत. चार वाजता सर्वांनी चहाला यायचे, हा एक. दुसरा माझ्याविषयी: फळ्यावरचे कोणीही कोणाचेही पुसावे, मात्र का पुसले, ते पुसणाऱ्याने तिथल्या तिथे सांगावे. या नियमाने भल्याभल्यांची जिरली आहे. मी माणसे हातांवरून ओळखतो. चूक लपवणारा बाहीने पुसतो, मान्य करणारा मला उचलतो. ज्यांचे सारे काम नुकतेच ढासळले आहे, ते मला खिडकीच्या कठड्यावर असे बडवतात, की दोष जणू माझाच.

या मंडळींत एक तरुण संशोधिका होती. दर ओळीनंतर ती 'का?' विचारी, आणि उत्तर मिळाले की पुन्हा 'का?'. साहजिकच सगळे तिला 'काका' म्हणत. तीन वर्षांत काकाचा एकही शोधनिबंध निघाला नव्हता. हे अध्यक्षांच्या कानावर गेले. अध्यक्ष म्हणजे संचालकबाईंचे धाकटे मावसभाऊ, पंपांचे कारखानदार. काका म्हणजे कोणी वयस्क गृहस्थ असावेत असे समजून, त्यांना आता सन्मानाने निरोप द्यावा, असे त्यांनी सुचवले. खरा प्रकार कळल्यावर ते पोट धरून हसले, पण हेका सोडला नाही. यापुढे प्रत्येकाने वर्षाला दोन निबंध द्यावेत, नाही तर नेमणूक संपली. आणि सुरुवात काकापासूनच.

एके दिवशी ते चारच्या चहालाच हजर झाले.

"ताई, तीन वर्षं ही मुलगी करते काय?"

"विचार."

"तो तर मी आंघोळ करतानाही करतो."

"म्हणूनच तुझे पंप गळतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी काकाला फळ्यापाशी बोलावले.

काकाने मला डाव्या हातात घट्ट धरले. तिने स्वतःचे काहीच लिहिले नाही. लिहिला तो बाईंचा सिद्धान्त, त्यांच्या तरुणपणीचा, ज्याच्यामुळे संस्थेला नाव मिळाले तो. तिसऱ्या ओळीशी ती थांबली. मूळ सिद्धतेत तेथे एवढेच आहे: 'यावरून पुढील विधान सहज दिसते.'

"मी तीन वर्षं इथेच उभी आहे, बाई," ती म्हणाली. "मला दिसत नाही. सहज तर नाहीच नाही."

अध्यक्षांची कळी खुलली. ताईला दिसले ते हिला दिसत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला, असे त्यांनी शेजाऱ्याला ऐकवले.

बाई उठल्या. काकाच्या हातातून त्यांनी मला घेतले, खडू घेतला आणि लिहू लागल्या. काही ओळी लिहिल्या, पुसल्या. दुसरीकडून वाट काढून पाहिली, तीही पुसली. कपांतल्या चहावर साय धरली. शेवटी, आजूबाजूच्या अक्षरांना धक्का न लावता, त्यांनी मला एकाच शब्दावरून फिरवले. 'सहज' गेला.

नियम त्यांनाही लागू होता.

"मलाही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा दिसलं होतं, असं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही."

म्हणजे सगळा सिद्धान्तच चुकला की काय, असे अध्यक्षांनी विचारले. ठाऊक नाही, असे दोघी एकदमच म्हणाल्या.

"माझ्या कारखान्यात तडा दाखवणाऱ्याला मी कामावरून काढत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण ताई, एक तडा सापडायला तीन वर्षं?"

"तुझा तडा लोखंडात असतो. हा माझ्यात होता."

दोन निबंधांची अट बारगळली आणि काकाची नेमणूक वाढली. निघता निघता अध्यक्ष कुरकुरले, की हे सगळे ठीक, पण वार्षिक अहवालात लिहू काय?

"लिही, यंदा संस्थेने एक शब्द पुसला."

त्यांनी ते तसेच्या तसे छापले.

आता वरच्या मजल्यावर काचेचे फळे आले आहेत. त्यांना ओले फडके पुरते. माझी लोकर झिजली आहे, एक कोपरा उडाला आहे. मला निवृत्त करायचे तर खुशाल करा. विनंती एवढीच, की जेथे माणसे केवळ विचार करण्यासाठी नेमली आहेत, तेथे पुसायचे साधन संचालकांच्या कपाटात ठेवू नका. सर्वांत नव्या माणसाचा हात पोहोचेल, अशा उंचीवर ठेवा.

तिसरी ओळ अजून फळ्यावर आहे, 'दिसते'च्या आधी एका शब्दाची जागा सोडून. बाई आणि काका चहाच्या वेळी तिच्यासमोर मनसोक्त भांडतात. बाईंच्या मते सिद्धान्त खरा आहे, काकाच्या मते खोटा. दोघींपैकी कोणाचे बरोबर, हे अद्याप कोणालाही ठाऊक नाही.