थोरलीच्या तीन सासवा

माझ्या धाकट्या लेकीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतीण आमच्याकडेच होती. घरभर दुपटी वाळत घातलेली, एक पोर निजलं की दुसरं जागं. सख्खी मावशी घरात असून तिनं मात्र पोरांना अजून उचललं नव्हतं.

मावशी म्हणजे माझी थोरली. ती साथीच्या रोगांची डॉक्टर. दवाखान्यात एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये, हे बघणं तिचं काम. कोणता वॉर्ड बंद करायचा, कोणाला वेगळं ठेवायचं, कोणत्या नर्सला ताप आहे म्हणून घरी धाडायचं, सगळं तिच्या शब्दावर. शहरात मोठे दवाखाने तीन. प्रत्येकाला असा आपापला डॉक्टर होता. त्यातले दोघं सोडून गेले आणि त्या जागा भरल्याच नाहीत. तिन्हीकडे हीच धावायची.

"मला तीन सासवा आहेत, आई," ती म्हणायची.

"वेळेवर लग्न केलं असतंस तर एकीवर भागलं असतं."

घरी यायचे तिचे नियम होते. मागच्या दारानं यायचं, तिथल्याच न्हाणीत अंघोळ करायची, कपडे साबणाच्या बादलीत बुडवायचे आणि मग "आले गं" अशी हाक द्यायची. ती हाक येईपर्यंत कोणी जवळ जायचं नाही. हात कसे धुवायचे त्याचा एक कागद तिनं न्हाणीच्या दारावर चिकटवला होता. उतारवयात तिनंच मला अक्षरं शिकवली, ती त्या कागदावरून. मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'नखं'.

त्या महिन्यात तिन्ही दवाखान्यांत एक वाईट ताप शिरला होता. पोरांना काही होऊ नये म्हणून थोरली अंघोळीनंतरही मागच्या खोलीतच राहायची. ताट मी दारात ठेवायचे. एका रविवारी सकाळी बघते तर डोळे लाल, आवाज बसलेला.

"तुझं अंग तापलंय," मी म्हटलं.

"इतक्या लांबून ताप कळत नसतो."

"आईला कळतो. कोणाला तरी दाखव."

"ताप आला की सगळ्यांनी मला दाखवायचं, असा नियम आहे. आता मी कोणाला दाखवू?" ती हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

रजेचा अर्ज तिनं कधीच दिला होता. बदली माणूस मिळाला की रजा देऊ, असं उत्तर आलं होतं.

"ते काही नाही," निघताना ती म्हणाली. "रात्री तिसरीकडे थांबावं लागणार आहे. सोमवारी दुपारी घरी येते ती राहायलाच. बरी झाले की दोघांना दोन मांड्यांवर घेऊन बसणार. मग ओल्या झाल्या तरी चालतील."

सोमवारी दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. न्हाणीत नळ सुरू झाला. मी ह्यांना म्हटलं, "आली बघा," आणि तिच्यासाठी पाणी तापत ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. पहिल्या दवाखान्यातून होता. "काकू, मॅडम पोचल्या का? आत्ताच बायकांचा वॉर्ड बंद करायला सांगून गेल्या. एक विचारायचं राहिलं."

"अंघोळ करतेय. सांगते तिला."

फोन ठेवते न ठेवते तोच दुसऱ्या दवाखान्यातून आला. मॅडमना घरी यायला उशीर होईल, म्हणाले, त्या इथे राउंडवरच आहेत.

"मग न्हाणीत कोण आहे?" हे पेपरातून मान वर काढून हसले. "सासवांच्या भांडणात पोरीचे तुकडे करतील."

तिसरा फोन तिसऱ्या दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंचा. त्या म्हणाल्या, "काकू, घरात अजून कोणी आहे का?"

मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी ऐकून घेतलं. "अहो, ती घरी आलीय," म्हणाले. मग फोन ठेवला आणि मागच्या दाराकडे बघत राहिले.

जुळ्यातलं एक रडत होतं, ते कडेवर घेऊन मी मागे गेले. नळ चालूच होता. मी दाराला हात लावणार तोच आतून तिचा तो बसलेला आवाज आला, "आई, लांब राहा. पोराला आत ने."

पोर रडायचं थांबलं. मान वळवून दाराकडे बघायला लागलं आणि हसलं. मी होते तिथेच थबकले. तिचा नियम मी कधी मोडला नव्हता.

नळ बंद झाला. मी हाकेची वाट बघत उभी राहिले. हे मागून आले, माझ्या खांद्याला धरलं, तरी मी म्हटलं, "थांबा, तिची हाक येऊ दे."

हाक आली नाही. शेवटी ह्यांनी दार ढकललं. फरशी कोरडी. बादली कोरडी. साबण तेवढा ओला होता, त्यावर ताजा फेस.

तिसऱ्या दवाखान्यात ती पहाटे विश्रांतीच्या खोलीत जाऊन आडवी झाली होती. दार लोटलेलं बघून तिथल्या लोकांना वाटलं, मॅडम पहिल्याकडे गेल्या असतील. दुपारी कोणीतरी उशी आणायला आत गेलं.

पहिल्या दवाखान्यातला तो वॉर्ड तिच्या शब्दावर बंदच ठेवला. आता तिन्हीकडे आपापला डॉक्टर आहे.

माझी थोरली लेक त्या सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला त्याच तापानं गेली. तिला एकोणचाळिसावं चालू होतं.