दोनाचा एक करणारा हात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर हातवाले महाराज एका बसड्रायव्हरच्या पोटावर पंजा ठेवून डोळे मिटून उभे होते आणि त्यांचा चेला माइकवर दोन कागद नाचवत होता. ड्रायव्हरच्या स्वादुपिंडात गाठ. पहिल्या सुईच्या तपासणीत श्रेणी दोन. महाराजांनी एकवीस दिवस हात ठेवला, मग दवाखान्यात दुसरी सुई मारून घेतली, श्रेणी एक! मशीन हरलं, हात जिंकला, आता ऑपरेशन कशाला, असं चेला गर्जला आणि टाळ्यांनी छप्पर हललं. परवाच्या ऑपरेशनचा कागद ड्रायव्हर सगळ्यांसमोर फाडणार होता.

तिसऱ्या रांगेतल्या लॅबवाल्या बाईंनी टाळी वाजवली नाही. भिंतीवर फ्रेम केलेले रिपोर्ट टांगले होते, त्यात त्यांच्या धाकट्या भावाचाही होता. दोनाचा एक. त्यानंही असाच कागद फाडला होता. गाठ यकृतात पसरली आणि तो गेला, त्याला तीन वर्षं झाली. भाऊ मातीत गेला, रिपोर्ट मात्र इथे अजून चमत्कार करत होता.

बाई उठून सरळ मंचाकडे गेल्या. चेल्यानं अडवलं तेव्हा भिंतीवरच्या भावाच्या रिपोर्टकडे बोट दाखवून म्हणाल्या, याची बहीण आहे, अनुभव सांगायचाय. अनुभव म्हटल्यावर माइक आपोआप हातात आला.

पिशवीतून त्यांनी मुठीएवढा पांढऱ्या मातीचा गोळा काढला आणि ड्रायव्हरला एक पोकळ नळी दिली. त्यानं गोळ्यात नळी खुपसली. नळीतल्या मातीत सहा काळे मणी निघाले. दुसऱ्या बाजूनं खुपसली, तर एकच.

"महाराज, या गोळ्यावर हात कधी ठेवलात?"

मागच्या रांगांत खसखस पिकली. बाईंनी सांगितलं, त्या रोज हेच करतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात. शंभरात तीनपेक्षा कमी पेशी वाढीला लागलेल्या असतील तर श्रेणी एक, तीन ते वीस असतील तर दोन. पण गाठ सगळीकडे सारखी नसते आणि सुईत येतो चिमूटभर तुकडा. एकाच गाठीचे दोन सुयांत दोन आकडे येऊ शकतात. अख्खी गाठ काढून तपासली की सुईनं कमीच सांगितलं होतं, असंही कितीदा दिसतं.

"श्रद्धेला सूक्ष्मदर्शक लागत नाही, ताई," महाराज गोड हसले.

"मग दर वेळी दुसरी सुई कशाला मारायला लावता?"

उत्तराला न थांबता बाई गर्दीकडे वळल्या. ज्यांचा आकडा उतरला नाही त्यांनी हात वर करा, म्हणाल्या. मग कोपऱ्यातून एक हात, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता चौदा. एक आजी तर उभ्याच राहिल्या.

"माझा एकाचा दोन झाला. रिपोर्ट यांनी ठेवून घेतला. म्हणाले, आजी, तुमच्या मनात खोट आहे. महिनाभर मी माझ्याच मनाला शिव्या घालतेय."

झालं, हाताची जादू एवढीच. उतरलेले आकडे भिंतीवर, बाकीचे केराच्या टोपलीत.

ड्रायव्हरनं चेल्याच्या हातातले दोन्ही कागद ओढून घेतले. "मग माझा खरा कोणता?"

"दोन्ही. गाठीत दोनवाला भाग आहे, हे पहिल्या सुईनं दाखवलंच ना? दोन्ही कागद डॉक्टरांना दाखव आणि परवा वेळेवर जा."

त्यानं ऑपरेशनचा कागद घडी करून खिशात ठेवला.

महाराज मागच्या दारानं सटकायला गेले, तर दारात पोलीस. तक्रार बाईंनी सकाळीच दिली होती. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या ताई, आता माफ करा.

"माझा भाऊ असता तर त्यानं केलं असतं," बाई म्हणाल्या. "मी करणार नाही."

लोकहो, सुई खोटं बोलत नाही, पण तिला टोचलं तेवढंच कळतं. उरलेल्या गाठीबद्दल कुणी छातीठोक बोलू लागला, तर त्याला एकच विचारा, ज्यांचा आकडा उतरला नाही ते लोक कुठे आहेत? उत्तर मिळेपर्यंत कागद फाडू नका.