आठवा वाटा

नानांनी जेवण सोडलं त्याला अकरा दिवस झाले होते. रागावून सोडलेलं नव्हतं; पेजेचं पाणी तेवढं घ्यायचे. ताट पुढे आलं की ते त्याच्याकडे पत्ता चुकून आलेल्या पत्रासारखं बघायचे आणि न उघडता परत करायचे. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट दोनदा पाहिले, नानांचं वय चौऱ्याऐंशी आहे हे तीनदा सांगितलं आणि म्हणाले, मागतील ते द्या.

नानांनी मळये मागितले.

मळये म्हणजे ओढ्यातले मासे. बोटाएवढे, रुपेरी, वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभे राहणारे. त्यांचा मुलगा अनिरुद्ध बोरीवलीच्या मासळी बाजारात तीन सकाळी फिरला. सुरमई, पापलेट, बोंबील, सगळं होतं. मळये म्हटल्यावर एका कोळणीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तू कुठल्या काळातून आलास, असं विचारलं. शेवटी त्याने रोहू नेला. नानांनी वास घेतला आणि मान फिरवली. तळ्यातला मासा ओळखायला त्यांना दात लागत नव्हते.

"आरेतले हाड," नाना म्हणाले.

हाड म्हणजे आण. आरे म्हणजे गोरेगावची दुधाची कॉलनी. बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. नाना तेव्हा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांच्याच वाडीतला दादू गोरेगावला उतरून आरेत चालत जायचे. तिथे एका व्हाळात गावच्यासारखेच मळये मिळायचे. ओढ्याला नाना आयुष्यभर व्हाळच म्हणत आले. जागा विचारली तर त्यांनी सांगितलं, तबेल्यांच्या पाठीमागे जायचं, मोठ्या जांभळीकडून डावीकडे वळायचं, मग पाणी ऐकू येतं. दादूला विचारण्याची सोय राहिली नव्हती. जांभळीचीही बहुधा राहिली नसावी.

अनिरुद्ध अंधेरीच्या एका विमा कंपनीत होता. पडलेली छपरं आणि बुडालेल्या मोटारी यांचे फोटो पाहून नुकसान खरं की खोटं हे ठरवायचं, हे त्याचं तेवीस वर्षांचं काम. त्यामुळे तो माणसांपेक्षा फोटोंवर जास्त विश्वास ठेवायचा, असं त्याची बायको दीप्ती म्हणत असे. त्याने मोबाइलवरचा नकाशा उघडला. नकाशात आरेत सिनेमाचे सेट होते, चहाच्या टपऱ्या होत्या, एक योगवर्ग होता. व्हाळ नव्हता. मग त्याने नकाशा बाजूला ठेवून उपग्रहाचे फोटो घेतले. जुन्या वर्षांचेही मिळत होते. पावसाळ्यातले काही कामाचे नव्हते, त्यात सगळंच हिरवं. त्याने फक्त एप्रिल-मेचे निवडले. डोंगर करपून तपकिरी झालेला, आणि त्यात कुठे दोऱ्याएवढी हिरवी रेघ उरते का, एवढंच तो बघत बसला. जी रेघ उन्हाळ्यातही हिरवी राहते तिच्याखाली पाणी असतं. बारा वर्षांचे बारा उन्हाळे त्याने एकाखाली एक लावले. नवव्या दिवशी तबेल्यांच्या लांबट छपरांमागे त्याला एक दोरा सापडला. तो बाराही उन्हाळ्यांत तुटला नव्हता. मध्ये एके ठिकाणी तो काळाकुट्ट दिसत होता. म्हणजे डोह. अनिरुद्धने त्या काळ्या ठिपक्यावर खूण केली.

नानांना त्याने मोबाइल दाखवला. नानांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्या वरसून कोणी बघितल्यान?" त्यांनी विचारलं.

त्याने उपग्रह समजावून सांगितला. एवढ्या वरून मासे दिसतात का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

रविवारी सकाळी तो गेला. खूण चोख होती. काळा ठिपका म्हणजे कातळाखालचा एक खोल डोह निघाला, उंबराच्या सावलीत, आणि पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत. त्यात मळये होते. एका दिशेला तोंड करून, रांगेत. तेवीस वर्षांत पहिल्यांदा फोटोतली गोष्ट फोटोपेक्षा खरी निघाली होती. अनिरुद्धने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"त्यात उतरू नको," मागून कोणी तरी म्हणालं.

ती सोनूबाई. पलीकडच्या पाड्यावरची, साठी उलटलेली, कमरेला टोपली. तिने त्याचं नाव विचारलं नाही, काय हवं ते विचारलं. त्याने बापाचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, हा वरचा डोह बियाण्याचा. ह्यात तिच्या सासऱ्यानेही कधी हात घातला नव्हता. खायचे ते खालच्या डबक्यातले, तेही घरापुरते. वरचा राहिला तर खालचा भरतो.

ती स्वतःच खाली उतरली. टोपली पाण्यात आडवी धरून तिने पायाने पाणी ढवळलं. बावीस मासे निघाले. ते तिने केळीच्या पानात बांधून दिले आणि बदल्यात त्याने पुढे केलेल्या पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बापासाठी ने. जागा कुणाला सांगू नको."

"नाही सांगत," अनिरुद्ध म्हणाला. त्या क्षणी ते खरं होतं.

दीप्तीने तिखलं, म्हणजे तिखट कालवण केलं, तिरफळं घालून. वास खोलीत शिरला तसे नाना उशीला टेकून बसले. पहिला घास त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला. डोळे मिटले. घशाखाली उतरेपर्यंत दीप्ती आणि अनिरुद्ध श्वास धरून उभे होते. दुसरा घास हातात घेऊन नाना थांबले.

"वाटे घातलंस?"

अनिरुद्धला आधी कळलंच नाही. मग आठवलं. त्यांच्या वाडीत व्हाळाचे मासे एका घरात शिजत नसत. कोणीही धरले तरी अंगणात पानं मांडून घराप्रमाणे वाटे घालायचे, आणि आजारी असेल, बाहेरगावी असेल, भांडलेला असेल, त्याचाही वाटा त्याच्या दारात पोचवायचा. वाडीची सात घरं. ती सातही आता मुंबईत होती, बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत विखुरलेली, आणि त्यांचं अंगण म्हणजे मोबाइलवरचा एक ग्रुप. तिथे रोज सकाळी फुलांचे फोटो यायचे.

त्याने सांगितलं की मासे बावीसच होते आणि ते आता शिजले आहेत. नानांनी घास ताटात परत ठेवला.

"म्हणजे आपणच खाल्लंव? उद्या वर दादूक काय तोंड दाखवू?"

दीप्तीने समजूत घातली. अनिरुद्धने पुढच्या रविवारी वाटतो म्हणून सांगितलं. नानांनी हात धुवायला पाणी मागितलं. तिखल्यावर तेलाचा तवंग धरू लागला. पाण्याचं भांडं हातात घेऊन अनिरुद्ध उभा राहिला, आणि त्याने आयुष्यातला सगळ्यात वाईट निर्णय चार मिनिटांत घेतला. वाटे घालायला मासे नव्हते. जागा होती. त्याने ग्रुप उघडला, नकाशातली खूण पाठवली आणि खाली लिहिलं: नानांच्या व्हाळातला प्रत्येक घराचा वाटा. ज्याने त्याने जाऊन घ्यावा. जागा कुणाला सांगू नये.

शेवटचं वाक्य सोनूबाईचं होतं. ते आपणच मोडून इतरांना पाळायला सांगतोय, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"सातही घरांक?" नानांनी विचारलं.

"सातही."

नाना जेवले. वाटीतला रस बोटाने पुसून घेतला. त्या आठवड्यात ते रोज थोडं थोडं जेवले, साधा वरणभातसुद्धा. डॉक्टर म्हणाले, बघा, औषध लागू पडलं.

मुलुंडचा आकाश, अनिरुद्धच्या चुलतभावाचा मुलगा, मनाने फार चांगला. नानांचा व्हाळ जगाच्या नकाशावर नाही याचं त्याला वाईट वाटलं. त्याने तो टाकला. मराठीत, शुद्धलेखन सांभाळून: 'नानांचा व्हाळ'. सोबत नानांचा गिरणीच्या दिवसांतला फोटो. काका, तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं, असं त्याने फोनवर सांगितलं. अनिरुद्धने ते काढायला सांगितलं तेव्हा आकाश गोंधळला. आता ते काढणं त्याच्या हातात नव्हतं. एकदा ठिकाण झालं की ते सगळ्यांचं होतं.

तीन आठवड्यांत नानांच्या व्हाळाला साडेचार तारे मिळाले. कोणी लिहिलं, झकास जागा, गर्दी कमी. कोणी लिहिलं, पार्किंगची सोय हवी. एकाने एक तारा कमी दिला होता, कारण नेटवर्क मिळत नाही. अनिरुद्धने ठिकाण काढून टाकण्याचा अर्ज भरला. कारण निवडायचं होतं. कायमचं बंद झालं, खासगी आहे, किंवा अस्तित्वात नाही. बंद करायला ते दुकान नव्हतं. खासगी म्हटलं तर मालकाचं नाव मागत होते. त्याने तिसरं निवडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की अलीकडच्या फोटोंवरून ठिकाण अस्तित्वात असल्याचं दिसतं. हे त्याचंच वाक्य होतं. असं वाक्य त्याने दावे फेटाळताना हजारो लोकांना पाठवलं होतं.

मेच्या दुसऱ्या रविवारी तो गेला. वासावरूनच त्याला कळलं. कोणी तरी पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. असं केलं की सगळा मासा एकदम वर येतो, जाळं लागत नाही. खूण वरच्या डोहावर होती, म्हणून पावडरही वरच्या डोहात पडली होती. मोठे मासे नेले होते. नखाएवढी पिल्लं उलटी होऊन कडेला साचली होती. सोनूबाई ती ओंजळीने टोपलीत भरत होती. कोंबड्यांनी खाऊ नयेत म्हणून पुरायची होती.

अनिरुद्ध तिच्याशेजारी बसून भरू लागला. तिने हटकलं नाही. टोपली भरली.

"तुझा बाप जेवला?" मग तिने विचारलं.

"जेवला."

"बरं झालं." तिने हात मातीला पुसले. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्याला नाव नव्हतं. पाणी म्हणायचो. परवा इथे आलेल्या पोरांनी मला नाव सांगितलं."

  ती टोपली उचलून निघाली. त्याने डोहाचा एक फोटो काढला. सवयच होती.

घरी नाना जागे होते. त्यांनी मळये कधी आणतोस, असं विचारलं. अनिरुद्धने खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. पावडर, पिल्लं, नकाशावरचं नाव, आणि जागा सांगू नकोस असं बजावून बावीस मासे देणारी ती बाई. तिच्याबद्दल तो आज पहिल्यांदाच सांगत होता.  दीप्तीने भाताचं ताट आणून ठेवलं.

"पाणी तिचा होता?" नानांनी विचारलं.

"तिचंच."

"मगे तिचो वाटो?"

अनिरुद्धला आठवलं. गावी सात घरांचे वाटे घालण्याआधी एक पान वेगळं मांडायचे, ज्याच्या जमिनीतून व्हाळ वाहतो त्याचं. त्यात पहिला मासा पडायचा. लहानपणी ते पान पोचवायला त्यालाच पाठवत. अंगणातली पानं नेहमी आठ असायची.

नानांनी ताट हाताने हळूच बाजूला सरकवलं. दीप्तीने ते झाकून ठेवलं.

संध्याकाळी अनिरुद्धने अर्ज पुन्हा भरला. कारण: अस्तित्वात नाही. पुरावा म्हणून सकाळचा फोटो जोडला. या वेळी उत्तर तासाभरात आलं. अर्ज मंजूर झाला होता, आणि नकाशा अधिक अचूक केल्याबद्दल त्याचे आभार मानले होते.

त्याने नकाशा उघडून पाहिलं. नाव गेलं होतं, तारे गेले होते, गिरणीतले नाना गेले होते. खाली उपग्रहाचा फोटो तेवढा होता, मागच्या एप्रिलचा. तबेल्यांच्या छपरांमागे ती रेघ त्यात अजून हिरवी होती.