अर्ध्या टिपेवर थांबलेला फ्रॉक

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. काळा रंग, उडत चाललेली सोनेरी नक्षी, खाली पायडल आणि चामड्याची वादी. अशा मशिनी तुम्ही पाहिल्या असतील. माझं वेगळेपण एवढंच, की मी बरीच वर्षं बंद खोलीत काढली, आणि तीही काही गुन्हा न करता.

कारखान्यात माझे भाग जुळवले गेले, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं एका खिडकीपाशी. तिथे एक आई लोकांचे कपडे शिवायची. अभ्रे, पडदे, शाळेचे गणवेश. तिची छोटी मुलगी माझ्याशेजारी चिंध्यांच्या ढिगावर झोपायची, म्हणून तिचं नाव पडलं गठुडं. गठुड्याला अंगाई नको असायची, माझी खडखड हवी असायची. मी थांबले की तिचे डोळे टक्क उघडे.

"झाली जागी बया! आता मी चहा पिऊ की नको?" असं म्हणत आई एका पायाने मला नुसतीच चालवायची. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. एका हातात कप आणि नजर लेकीकडे. शेजारणी माझ्या सरळ टिपेचं कौतुक करत, पण मला अभिमान वाटायचा तो या रिकाम्या चालण्याचा.

एकदा एक माणूस कापडाचे तागे घेऊन आला. "अभ्रे शिवून ठेवा," म्हणाला. आईने ठेवून घेतले. कापड शिवायला येतं, तसंच तेही आलं. ते एका गोदामातून चोरलेलं होतं, हे तिला काय माहीत?

पोलीस आले तेव्हा ती गठुड्यासाठी पिवळा फ्रॉक शिवत होती.

"बाई, ठाण्यात चला. मशीनही उचला रे, मुद्देमाल आहे."

गुन्ह्याशी संबंध असेल असं वाटून पोलीस जे जप्त करतात, त्याला मुद्देमाल म्हणतात, मित्रांनो.

"साहेब, तेवढी टीप पुरी करू द्या. वीतभर राहिलीय."

"आता हात लावायचा नाही. आहे तशी न्यायची."

सुई कापडात रुतलेली आणि वर माझा लोखंडी पाय दाबलेला, तशाच अवस्थेत त्यांनी मला बांधलं. गाठीवर लाखेचं सील ठोकलं. गठुडं धावत आलेल्या मावशीच्या कडेवरून हात पसरून रडत होतं. मला तर तेव्हा खडखडताही येईना.

मुद्देमालाच्या खोलीत सीट नसलेली एक सायकल होती. एक बंद पडलेलं घड्याळ होतं. सगळे आपापल्या खटल्याची वाट पाहत. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. कधीतरी हवालदार कुलूप काढायचा, माझ्यावरची धूळ फुंकायचा आणि म्हणायचा, "काय गं, तुझी तारीख कधी? तू बरी बाई, तक्रार तरी करत नाहीस." मला खूप तक्रार करायची होती.

आई तुरुंगात होती. खटला संपेपर्यंत घरी राहायचं तर कुणाला तरी जामीन राहावं लागतं. मावशी तयार होती, पण तिचं स्वतःचं घर नव्हतं, म्हणून तिचा जामीन चालला नाही.

मग सुरू झाल्या तारखा. आरोपी आणि मुद्देमाल दोन्ही समोर असल्याशिवाय काम पुढे जाणार नव्हतं, आणि आमची तर चुकामूकच व्हायची.

"मशीन आणलीय. बाई कुठे?"

"तुरुंगाची गाडी मिळाली नाही."

"बरं. पुढची तारीख."

पुढच्या वेळी आई यायची आणि मला आणणारा टेम्पो बंद पडलेला असायचा. पुन्हा पुढची तारीख. तिथे कुणी दुष्ट नव्हतं, मित्रांनो. घाई मात्र कुणालाच नव्हती.

मावशी प्रत्येक तारखेला गठुड्याला घेऊन यायची. कोर्टाच्या व्हरांड्यात ती मला बोटाने दाखवायची. "ही तुझ्या आईची मशीन."

"आणि आई?"

"आज नाही आली गं."

आधी गठुड्याचं डोकं माझ्या फळीच्या खाली असायचं. पुढे ते फळीला लागलं, मग फळीच्या वर गेलं. तिने माझ्याकडे बघणंही सोडलं.

शेवटी एकदा आम्ही दोघी एकाच वेळी पोहोचलो. आईचे केस पांढरे झाले होते. ती माझ्याकडे पाहत होती, म्हणजे त्या फ्रॉककडे. नव्या न्यायाधीशांनी गोदामाच्या मालकाला विचारलं, "या बाईंना ओळखता?"

"नाही साहेब. पहिल्यांदाच बघतोय. कापड नेणारा दुसराच होता, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. कागद उलटेपालटे केले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही निर्दोष आहात."

आईने हात जोडले. "साहेब, एवढंच विचारायचं होतं?"

शिपायाने पुढच्या खटल्याचा पुकारा केला.

आम्ही मावशीच्या भाड्याच्या खोलीत आलो. आईने माझा लोखंडी पाय उचलला. सुई कटकन मोडली, आणि पिवळ्या कापडावर गंजाचा डाग राहिला. फ्रॉक हातात धरून ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "गठुडं, हा आता तुझ्या कोपरापर्यंतही येणार नाही बघ."

"मला गठुडं म्हणायचं नाही," मुलगी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून चटईवर पडली. कोर्टात पोलिसांच्या घोळक्यात लांबूनच दिसलेली ही बाई तिला ओळखीची नव्हती.

आईने मला तेल घातलं. नवी सुई लावली, नवी वादी चढवली. पण दोरा ओवला नाही, कापड घेतलं नाही. स्टुलावर बसून एका पायाने मला नुसतीच चालवत राहिली. आधी मी कुरकुरले, मग माझी जुनी खडखड परत आली. डोळे पुसताना तिचा पाय थांबला.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी पोलीस होईल, कुणी वकील, कुणी न्यायाधीश. गुन्हा झाला तर चौकशी जरूर करा. पण विचारायचं असेल ते लवकर विचारा. तुम्ही एखाद्याला 'थांबा' म्हणता, तेव्हा त्याच्या घरी कुणीतरी टक्क जागं असतं. ते मूल काही तुमच्या तारखेसाठी लहान राहत नाही. माझी मोडलेली सुई बदलता आली. बाकीचं काही बदलून मिळत नाही.

त्या दुपारी आईचा पाय थांबला, तशी माझी खडखडही थांबली होती. मग भिंतीकडून आवाज आला.

"थांबलीस का?"

आईने पुन्हा पायडलवर पाय ठेवला.