उसवायलाच हवी ती शिवण

ठेंगणी दारात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. नाव ठेंगणी, पण मान बघा किती ताठ! छोटी एसयूव्ही, तीन वर्षं वापरलेली, दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडून घेतलेली. चार दिवसांत टाकेबाईंनी तिच्या सगळ्या सीटांना अंजिरी कव्हरं चढवली होती. कोपऱ्याकोपऱ्यात इवलीशी पाखरं, कडेला दुहेरी शिवण. गाड्यांची कव्हरं शिवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. कव्हर विटेल, विरेल, पण टाका उसवणार नाही, असं गिऱ्हाइकंच सांगत. म्हणून तर टाकेबाई हे नाव पडलं.

आज त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तीन वाजता लेकीला दवाखान्यातून सोडणार होते. लेक आणि लेकीच्या कुशीत तीन दिवसांची नात! सकाळपासून तिसऱ्यांदा सीट पुसत त्या गुणगुणत होत्या:

टाक्यापाठी टाका, दोरा रेशमाचा बाई,
लेकीच्या बैठकीला ऊन-वारा शिवणार नाही.

“अगं, ऐकलंस का?” घरातून मास्तर ओरडले. मास्तर म्हणजे टाकेबाईंचे यजमान. शाळा सुटली तरी हुद्दा सुटला नव्हता. “गाडी परत बोलावलीय!”

“कोणी? डॉक्टरीणबाईंनी? आता, कव्हरं चढवल्यावर?”

“त्यांनी नाही गं, कंपनीनं!” मास्तर एक चप्पल घालून, दुसरी हातात घेऊन बाहेर आले. गाडी घेण्याआधी महिनाभर त्यांनी धडक-चाचणीचे निकाल पाठ केले होते: मोठ्यांसाठी पाच तारे, मुलांसाठी चार. पण कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघायचं मात्र आज सुचलं. “दोनदा बोलावलीय. पहिल्यांदा इंधनाच्या पंपासाठी, ते काम झालंय. दुसऱ्यांदा पुढच्या सीटमधल्या एअरबॅगच्या वायरीसाठी. त्याच्यापुढे लिहिलंय, बाकी.”

“अहो, पण तुमचे ते पाच तारे?”

“त्या एअरबॅगच्या जिवावरच मिळालेत ते. बाजूनं धडक बसली आणि ती फुगलीच नाही, तर उरले नुसते कागदावरचे तारे.”

टाकेबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. पाय पसरायला जागा मिळावी म्हणून लेकीला पुढेच बसवायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं.

“मग उभे काय राहिलात? ती दुसरी चप्पल घाला!”

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोनवर लगेच या म्हटलं. तासाभराचं काम, तेही फुकट. एरवी सायकलवाल्यालाही पुढे जाऊ देणारे मास्तर आज असे निघाले, की टाकेबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली.

निळ्या डगल्यातली मेकॅनिक मुलगी सीटपाशी वाकली. कडेवरून तिनं बोट फिरवलं आणि भुवया उंचावल्या.

“हे कोणी शिवलं?”

“का गं? आवडलं?” टाकेबाईंची मान ठेंगणीइतकीच ताठ झाली.

“काकू, काम देखणं आहे. पण मग मी वायर बदलून काय उपयोग? एअरबॅग सीटच्या या कडेतून बाहेर येते. पापणी लवायच्या आत. तिच्या वाटेतलं कव्हर फाटलं, तरच माणूस वाचणार. आणि ही शिवण...” तिनं कड धरून हिसका दिला. एकही टाका हलला नाही. “ही तर हत्तीलाही ऐकणार नाही. इथे खूण असते ना, एअरबॅगची चिठ्ठी?”

होती. टाकेबाईंना चांगली आठवत होती. अंजिरी रंगात ती पांढरी चिठ्ठी डोळ्यांत खुपत होती, म्हणून नेमक्या तिच्यावर त्यांनी सगळ्यांत गोजिरं पाखरू बेतलं होतं.

“मीच शिवलंय,” त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम, “कडेनं उसवून देऊ? दोन मिनिटांत उसवते!”

“अर्धवट नको. पुढची दोन्ही काढूनच टाका. मागच्या सीटांत एअरबॅग नाही, ती राहू देत.”

टाकेबाईंनी पर्समधून छोटी कात्री काढली. टाका दाद देईना. “बाई गं, काय शिवलंय मेलीनं!” त्या स्वतःवरच करवादल्या, आणि मास्तर, मेकॅनिक, सगळेच हसत सुटले. इकडे कच्कच् टाके तुटत होते, तिकडे मुलगी सीटखाली हात घालून वायर जोडत होती. जणू पैज लागली होती. काम झालं. मुलीनं किल्ली फिरवली, समोरचा एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझला.

“विझला म्हणजे सगळं ठीक,” ती म्हणाली. मास्तरांनी टाळ्याच वाजवल्या.

दोन वाजताच ते दवाखान्याच्या आवारात हजर. टाकेबाईंनी पिशवीतून मापांची वही काढली. पानोपानी गाड्या, सीटांची मापं, गिऱ्हाइकांचे फोन नंबर.

“अहो, यातल्या कितीतरी सीटांवर ती चिठ्ठी होती. कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, मी माझी कव्हरं परत बोलावते. लावा फोन. नवी शिवीन, फुकट. कड मोकळी ठेवायची पद्धत आधी शिकून घेईन.”

“कोणाकडून?”

“त्या निळ्या डगलेवालीकडून! वय काय बघायचं?”

पाचांनी फोन उचलला, सहावा लागला नाही, तेवढ्यात लेक आलीच. नात मागे पाठमोऱ्या बाळसीटमध्ये, शेजारी आजी, पुढे लेक.

“आई, तू पाठवलेल्या फोटोतली पाखरं कुठे गेली?”

“उडाली गं. तुझ्या वाटेत बसली होती.”

ठेंगणी निघाली. कलत्या उन्हाची तिरीप बाळाच्या मुठीवर पडली आणि टाकेबाईंना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात फोन थरथरला. सहावं गिऱ्हाईक.

“टाकेबाई, फोन केला होतात? काय हो, टाका उसवला की काय?”

“नाही ना उसवत!” बाळ झोपलंय हे विसरून टाकेबाई ओरडल्या. “म्हणून तर म्हणते, गाडी घेऊन आजच्या आज या!”