दोन इंच खाली

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. लाकडाची, माणसांची उंची मोजणारी. इंडियानातल्या एका नदीकाठच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या मैदानामागे मलमपट्टीची खोली आहे, तिच्या दाराशेजारच्या भिंतीवर मी राहते.

माझा जन्म त्या मैदानाच्याच लाकडातून झाला. ओटो रिट्झमन नावाच्या सुताराने मेपलच्या फळ्या बसवून मैदान केले. एक फळी उरली, तिच्यावर त्याने तापल्या तारेने इंचांच्या खुणा डागल्या. मी चार फुटांपासून सुरू होते, कारण त्याहून बुटके कोणी या खोलीत येतच नाही. मला भिंतीवर चढवताना ओटोने जमिनीपासून तीनदा मोजून पाहिले आणि चौथ्यांदा बायकोला मोजायला लावले. एवढा काटेकोर माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढची कितीतरी वर्षे मी म्हणेन तेच वहीत लिहिले जाई. मुले मोजे काढून उभी राहत. कोणी टाचा उचलल्या तर डोक्यावर टपली बसे आणि सगळे हसत. मला मान होता.

मग डेल मॅक्रेडी हे नवे कोच आले. पहिल्याच आठवड्यात ते माझ्यासमोर उभे राहिले आणि वॉल्टर लंडीला हाक मारली. मुलांचे घोटे बांधणारा, गुडघे चोळणारा, उंची मोजणारा तो हाच.

"वॉल्ट, आपली पोरं बुटकी आहेत."

"जेवढी आहेत तेवढी आहेत, कोच."

"मग पट्टी खाली घे. दोन इंच. आणि बूट काढायला लावू नकोस कुणाला."

वॉल्टरने माझे स्क्रू काढले, मला खाली सरकवले, जुन्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर हिरवा रंग फासला. एका दुपारीत मी खोटी झाले. बुटाचा एक इंच आणि माझे दोन, असा प्रत्येक मुलगा तीन इंचांनी वाढला, आणि ती वाढलेली उंची सामन्याच्या पुस्तिकेत छापून येऊ लागली.

सहा वर्षांनी कॉर्डेल गेन्स आला. गॅरी शहरातला, अठरा वर्षांचा, काटकुळा. दोन्ही हातांनी दोन चेंडू आपटत तो बोळातून यायचा, तेव्हा मी भिंतीवर थरथरायचे. तो खरा सहा फूट चार इंच होता. मी सांगितले सहा सात.

मित्रांनो, सहा फूट सातचा मुलगा बास्केटखाली धक्के खात उभा राहतो. सहा चारचा मुलगा चेंडू घेऊन पुढे येतो. व्यावसायिक संघांत हे अगदी पक्के असते. कॉर्डेलचे सगळे कसब हातात होते, आणि कोचना बास्केटखाली एक धिप्पाड माणूस हवा होता.

"तुला चेंडू आपटायला कुणी सांगितलं रे?" कोच बोळातच ओरडले. "तू खांब आहेस. खांब चालतो का? जा, खा."

त्याने खाल्ले. शेंगदाण्याच्या लोण्याचे पाव, दुधाचे डबे. अठरा किलो वजन चढले. तीन वर्षे त्याने कोपरांचे तडाखे खाल्ले, नाक दोनदा मोडून घेतले आणि दोन चेंडूंचा नाद सोडला. व्यावसायिक संघांची माणसे त्याला पाहायला येऊ लागली. बैलबाजारात बघतात तसे ती त्याचे हात, खांदे, पोटऱ्या बघत आणि हातातली पुस्तिका उघडून म्हणत, "सहा सात. चालेल."

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात कोचना एक खराखुरा सात फुटी मुलगा सापडला. शिष्यवृत्तीची मोकळी करता येईल अशी जागा मात्र एकच होती, आणि तिच्यावर कॉर्डेल बसला होता. मग कोच एकदम त्याच्या भल्याचे बोलू लागले. शेवटचे वर्ष सोड, एजंट धर, व्यावसायिक संघांच्या निवडीला नाव दे. एकदा एजंट धरला की कॉलेजच्या संघाचे आणि शिष्यवृत्तीचे दार कायमचे बंद, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून कॉर्डेलची आई, ओडेसा गेन्स, बसने आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी.

"घाई कशाला?" ती म्हणाली. "पदवी हातात येऊ दे."

"मॅम, हातच्या काकणाला आरसा कशाला?" कोचनी कॉर्डेलला माझ्यापुढे उभे केले. "स्वतः बघा. असा पोरगा ते सोडतील?"

ओडेसाने माझ्याकडे पाहिले, कोचकडे नाही, आणि मग वॉल्टरकडे वळली. "रोज तुम्ही मोजता ना? हे बरोबर आहे?"

वॉल्टरच्या हातात कात्री होती. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "पट्टी म्हणते ते खरं, मॅम."

मला ओरडावेसे वाटले. कॉर्डेलने त्याच संध्याकाळी सही केली.

जूनमध्ये शिकागोला निवडीआधीची चाचणी होती. तिथे त्याला अनवाणी उभे केले आणि लोखंडी दांडा डोक्यावर टेकवला. सहा चार. मोजणाऱ्याने पुन्हा मोजले आणि हसून म्हणाला, "बाकीचा कुठे ठेवून आलास?" दुसऱ्या दिवशी त्याला चेंडू घेऊन पुढे यायला सांगितले. तीन वर्षांत न केलेले काम. पाच वेळा चेंडू हातातून गेला. निवडीच्या दिवशी त्याचे नाव कोणी घेतले नाही. तेलही गेले, तूपही गेले.

ऑगस्टमध्ये तो या खोलीत आला, तेव्हा हातात पोलादी टेप होता. गुडघ्यावर बसून त्याने जमिनीपासून माझ्या पहिल्या खुणेपर्यंत मोजले. मग उठून रंगाखालची भोके बोटांनी चाचपली.

"मिस्टर वॉल्ट, ही कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

"आईनं विचारलं होतं तुम्हाला."

वॉल्टर औषधांचे कपाट लावू लागला. मला वाटले, आता कॉर्डेल मला उखडून फेकून देईल. त्याने ते केले असते तर मी धन्य झाले असते. तो टेप खिशात घालून निघून गेला.

पाच वर्षे परदेशांतल्या थंड गावांत, रिकाम्या खुर्च्यांपुढे तो खेळला. मग गुडघा गेला. आणि एका शरद ऋतूत, वॉल्टर निवृत्त झाल्यावर, मोजणीची वही हातात घेऊन कॉर्डेल पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. मॅक्रेडींचा धाकटा मदतनीस म्हणून. मला केवढा आनंद झाला. ज्याला मी बुडवले तोच मला सरळ करणार.

त्याने स्क्रूड्रायव्हर आणलाही होता. कोच दारातून म्हणाले, "ती राहू दे. नोकरी हवीय ना?"

पहिला मुलगा एमेट टॉली. काटकुळा, दोन्ही हातांनी चेंडू आपटणारा. बूट घालून तो माझ्याशी टेकून उभा राहिला, आणि दारात त्याची आई.

"सहा सात? घरी तर कमी भरतो हा," ती म्हणाली. "बरोबर आहे ना, सर?"

कॉर्डेलचा अंगठा लांबी भरलेल्या भोकावर होता. 

"पट्टी म्हणते ते खरं, मॅम."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे मागतात की आम्हाला पुसा, रंग द्या, जपा. मला तसले काही नको. रंग माझ्यावर पुष्कळ आहे. तुमच्यापैकी कोणी कधी या खोलीत आलात, तर माझ्यापुढे उभे राहण्याआधी खाली वाका आणि जमिनीपासून मोजा. मोठ्या माणसांना विचारू नका.