वेल्डिंगची चौदावी जागा

डेल्फिना अरूदा एका जागी बसत नाही, अशी तक्रार तिची आई ती पोटात असल्यापासून करत आली होती. पण नववीचं वर्ष म्हणजे कहर होता. भिंगरी नुसती पायाला नव्हती, डोक्यालाही होती.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या चार गावांची मिळून एक धंदेशिक्षणाची शाळा, तिथं ती शिकायची. एक आठवडा वर्गात पुस्तकं, एक आठवडा वर्कशॉप. नववीच्या पोरांनी सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत एकेक धंदा चाखून बघायचा. सुतारकाम, नळकाम, बेकरी, केस कापणं, वेल्डिंग, सगळं. प्रत्येक ठिकाणी शंभरपैकी गुण मिळणार. मग पसंती लिहून द्यायची, आणि एकदा जागा मिळाली की बारावीपर्यंत तोच धंदा.

डेल्फिनाला वेल्डिंगच हवं होतं. का, ते मला विचारू नका. पहिल्या दिवशी तिनं तोंडावर मुखवटा ओढला, काळ्या काचेपलीकडे तो हिरवट उजेड पेटला, आणि पोरगी दहा मिनिटं जागची हलली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. आठवड्याच्या शेवटी गुण मिळाले सत्त्याण्णव.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. इदालिना मावशीचं केस कापायचं दुकान होतं आणि तिला मूलबाळ नव्हतं. "डेल, तू केसांचं शीक. दुकान तुझंच आहे गं," रविवारी सूप वाढता वाढता ती म्हणायची, आणि आई लगेच मान डोलवायची.

म्हणून केसांच्या आठवड्यात डेल्फिनानं डोकं लढवलं. "जिथं चांगलं काम करशील तिथंच तुला अडकवतील," असं चुलतभावानं तिच्या कानात भरून ठेवलं होतं. हा शहाणा स्वतः दोन वर्षांत शाळा सोडून बसलेला! पण ऐकलं त्याचंच. तिनं बाहुलीचं डोकं असं काही भादरलं, की बाईंनी कपाळाला हात लावला. गुण एक्केचाळीस. बेकरीत पाव मुद्दाम करपवले, तिथं बावन्न. पोरगी खूश!

फेब्रुवारीत यादी लागली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. जागा वाटल्या होत्या सगळ्या वर्कशॉपच्या गुणांची बेरीज करून. एकट्या वेल्डिंगचे सत्त्याण्णव कोण बघतो? तिथं जागा चौदा, आणि डेल्फिनाचा नंबर पंधरावा. जागा नाही मिळाली तर जिथं उरली असेल तिथं जायचं, आणि उरली होती नेमकी केसांमध्ये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"देवानं ऐकलं माझं!" मावशी म्हणाली. डेल्फिना भरल्या ताटावरून उठून गेली.

आता एकच आशा होती. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी अडीचपर्यंत बदलीचा फॉर्म देता येत होता. चौदातल्या कुणी वेल्डिंग सोडलं तर ती जागा डेल्फिनाची. नाहीतर बारावीपर्यंत कंगवा आणि कात्री. मग काय, ती त्या चौदा जणांवर गिधाडासारखी नजर ठेवून असायची. कोण खोकतंय, कोण चार दिवस आलं नाही, कुणाचे आईबाप गाव सोडायच्या बेतात आहेत. लाज वाटत नव्हती असं नाही. चांगली वाटत होती. पण डोळे ऐकत नव्हते, आणि हातातलं केस धुणं सोडून कान भिंतीपलीकडच्या ठोकाठोकीकडे लागलेले असायचे.

चौदावा होता नेल्सन बोतेल्यो, तिच्याच गल्लीतला. बाप गोदीत वेल्डर, आजाही वेल्डर, आणि पोरगा असा बुजरा की स्वतःच्या सावलीला वाट देईल. शेवटच्या आठवड्यात बुधवारी बसमध्ये तो तिच्या शेजारी धपकन येऊन बसला.

"डेल, मी सोडतोय बहुतेक."

ती गर्रकन त्याच्याकडे वळली. "काय रे? झालं काय?"

"पाशेको सरांना माझं एकही काम पसंत पडत नाही. बाकीच्यांना म्हणतात, 'ठीक आहे, पुढं चल.' मी तुकडा नेला की बादलीत भिरकावतात आणि म्हणतात, 'पुन्हा!' काल अकरा वेळा. अकरा! सगळे दात काढतात."

"घरी काय म्हणतात?"

"जमेल म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातं?" त्यानं बॅगेतून लोखंडाचा एक तुकडा काढून तिच्या हातात दिला. "बादलीतून उचललाय. तू सत्त्याण्णववाली. खरं सांग, मला जमणारे का हे?"

डेल्फिनानं जोडाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. तिला स्वतःला एवढी सरळ कधी जमली नव्हती. आणि पाशेको सरांची खोड तिला चांगली ठाऊक होती. ज्याच्याकडून आशा नाही त्याला ते 'ठीक आहे' म्हणून वाटेला लावायचे. ज्याच्या हातात काही दिसेल त्यालाच छळायचे. तिच्या आठवड्यात शेवटच्या दिवशी त्यांनीच तिला तसं सांगितलं होतं. नेल्सनला हे कळायला एक वाक्य पुरलं असतं.

"नाही जमणार, नेल्सन," ती म्हणाली. "हात थरथरतो तुझा. हे इथं बघ ना."

तिथं काहीच नव्हतं. नेल्सननं वाकून बघितलं आणि मान हलवली. "हो गं. दिसतंय."

गुरुवारी तिनं डबा न उघडताच घरी परत नेला. शुक्रवारी तिनं शाळेत स्वस्तात केस धुवून घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर गरम पाणी ओतलं आणि शिव्या खाल्ल्या. सांगून टाकावं, नको, सांगून टाकावं. सव्वादोनला ती ॲप्रन तसाच ठेवून दोन जिने धावत ऑफिसात गेली.

नेल्सन दारातून बाहेर येत होता. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून ऑफिसातल्या बाईंनी हाक मारली. "अरूदा ना तू? बरी आलीस! वेल्डिंगला एक जागा सुटली आत्ताच. हा बेकरीत चाललाय. सोमवारपासून जायचं, ये, सही कर."

आनंदानं तिला उडी मारावीशी वाटली, पण मागं वळून दाराकडे बघवेना. तिनं सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

बाहेर नेल्सन तिच्यासाठी थांबला होता. डोळे लाल होते, पण चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं.

"डेल, तुझे उपकार झाले बघ," तो म्हणाला. "घरचे, दारचे, सगळे गोड बोलत होते. तू एकटीच खरं बोललीस."

अडीचला आठ मिनिटं होती. त्याचा फॉर्म अजून बाईंच्या टेबलावर उघडाच पडला होता. दारातून नुसतं ओरडलं असतं तरी परत मिळाला असता.

"चल," डेल्फिना म्हणाली. "बस निघून जाईल."